तू बरोबर होतीस, घे

प्रिय बये,

सव्वादोन वर्षं झाली. तुझा शेवटचा मेसेज अजून तसाच पडलाय, वाचलेला आणि उत्तर न दिलेला. तब्येत बरी आहे, पाठ तशीच, गोळ्या चालू, पुढे.

आधी एक सांगून टाकते म्हणजे बाकीचं नीट वाचशील. व्हिडिओच्या बाबतीत तू बरोबर होतीस. झालं? आता हसून घे.

परवा थोरली एका ऑनलाइन कोर्सचा फॉर्म भरत बसली होती. एकटी, हट्टानं, मला खोलीतून बाहेर काढून. तिचं ते गालाशी लावलेलं स्विच तुला माहितीये, स्क्रीनवर चौकट एकेका गोष्टीवरून सरकत जाते, हवी तिथे आली की दाबायचं, हुकलं की परत अख्खी फेरी. असं करत करत पाऊण तासात ती शेवटच्या पानावर पोचली आणि तिथे खिडकी उघडली, तुमचा वेळ संपत आलाय, वाढवायचा का. त्यासाठी 20 सेकंद. पहिल्या फेरीत गाल हुकला, कारण घाई झाली की तिचं सगळं अंग ताठ होतं, तू पाहिलंयस ते. दुसऱ्या फेरीत शेजारच्या 'मदत'वर दाबलं गेलं. आणि पान कोरं. नाव, पत्ता, सगळं गेलं.

मी धावत आत गेले आणि तोंडातून निघून गेलं, "अगं पण ही तर मी तपासलेली साइट!"

काय बोलले ते बोलल्यावर कळलं. साइट अपंगांनाही वापरता यायला हवी, त्याचे जे नियम लावून मी साइट तपासते, त्यात हे चक्क लिहिलेलं आहे बघ, वेळ संपायच्या आधी सूचना द्या, साध्या एका कृतीनं वेळ वाढवायला निदान 20 सेकंद द्या, आणि असं निदान 10 वेळा वाढवू द्या. साइटनं दिले होते. म्हणून मी रिपोर्टात 'पास' लिहिलं होतं. बटणाला साधी कृती म्हणतात ते मीच लोकांना शिकवते, आणि माझ्याच घरात त्या साध्या कृतीला किती वेळ लागतो हे मला 15 वर्षं रोज दिसतंय. तरी रिपोर्ट लिहिताना माउस हातात घेऊन मोजलं मी. 20 सेकंद म्हणजे भरपूर वाटले.

ती रडली वगैरे नाही. टाइप करायला लागली. मी उभी. तीन-चार मिनिटं गेली असतील, मग मशीनचा तो सपाट आवाज आला. "हे भाषणात सांग. तो व्हिडिओ काढ."

कुठला व्हिडिओ ते तुला सांगायला नको. तूच काढलेला, तुझ्या फोनवर, ती सहा वर्षांची असताना. टॅबलेटवरचं बटण तिला दाबता येत नाही, ती परत परत प्रयत्न करते, लाळ गळतेय, शेवटी रडते, मागे माझा आवाज, "अगं जमेल, जमेल". तू तो आजीला दाखवायला पाठवलास आणि मी नऊ वर्षं प्रत्येक ट्रेनिंगमध्ये अकराव्या स्लाइडवर लावला. लोक डोळे पुसतात. मग मला पुढचं काम मिळतं. जिन्यात तू म्हणाली होतीस, "तिला स्लाइड करून टाकलंयस तू", आणि मी काय म्हणाले होते ते मला शब्दन् शब्द आठवतंय, तुलाही आठवत असणार. मूल नसलेल्या माणसाला काय कळणार, असं. ते वाक्य परत घेता येत नाही म्हणूनच तर मेसेजला उत्तर देत नव्हते. माफी मागते, पण पत्रात ती फार स्वस्तात होते असं वाटतं, भेटल्यावर नीट मागेन. तू तेव्हा थोडं ऐकवून घे.

पण मी पूर्ण चूक होते असं मला अजून वाटत नाही हं. भांड. एका ट्रेनिंगनंतर एका पोरानं दुसऱ्याच दिवशी अख्ख्या ॲपची बटणं मोठी करून पाठवली होती, ते काही नियम वाचून नाही केलं त्यानं. आणि मी या धंद्यात आले तीच मुळी माझ्या या दोन पोरांमुळे. आधी मी काय, पगारपत्रकांचं सॉफ्टवेअर लिहीत होते, कॉन्ट्रास्ट म्हणजे टीव्हीवरचं बटण एवढंच ज्ञान. तिच्या थेरपीच्या बाकावर बसून शिकले सगळं. रात्री स्क्रीन बंद करून एनव्हीडीए, तो स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, ऐकत बसायचे, फुकट मिळायचा म्हणून. धाकट्यानं तर मला आवाजाचा नियम शिकवला. नियम म्हणतो, आपोआप सुरू झालेला आवाज 3 सेकंदांहून जास्त चालणार असेल तर तो थांबवायची सोय हवी. आमचं ध्यान पहिल्याच सेकंदाला कान दाबून टेबलाखाली. ऑफिसात म्हणतात तुला नजर आहे. नजर कसली डोंबलाची, घरी दोन परीक्षक बसवलेत, बिनपगारी!

हे मी विनोद म्हणून स्टेजवर सांगते, माहितीये. लोक हसतात. परवापासून मला ते हसू येत नाहीये.

आमच्या टीममध्ये एक मुलगा आहे, जन्मापासून दिसत नाही. मला दोन दिवस लागतात तेवढ्या चुका तो सकाळच्या सकाळी काढतो. पण स्टेजवर मी. का, तर मी 'आई' आहे, मला ऐकायला लोकांना बरं वाटतं. त्यानं एकदा विचारलं होतं, "मॅडम, तुमची मुलगी येणार का कधी बोलायला?" मी मूर्खासारखी 'हो ना, किती गोड' असं काहीतरी म्हणाले. तो गोड वगैरे बोलत नव्हता. एनव्हीडीएसुद्धा 2006 मध्ये मायकल करन नावाच्या एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं सुरू केला, स्वतःला हवा होता म्हणून. हे पण मीच सांगते, चौथ्या स्लाइडवर.

आणि गंमत ऐक. संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार, तोही 2006चाच, त्याचं 9 वं कलम सुगम्यतेचं, ते मला झोपेत विचारलंस तरी येतं. परवा रात्री झोप येईना म्हणून पहिल्यांदा मागे गेले. 7 वं कलम मुलांचं. मुलांना त्यांच्याशी संबंधित सगळ्या बाबतीत आपलं मत मोकळेपणानं मांडायचा हक्क आहे आणि ते मांडायला लागेल ती मदत त्यांना मिळाली पाहिजे. 9 वं पाठ, 7 वं वाचलेलंच नाही. परीक्षेला तू म्हणायचीस तेच, ही शेवटचा धडा करून येते आणि पहिल्यात नापास होते.

भाषण गुरुवारी आहे. मे महिन्यातला तिसरा गुरुवार, जागतिक सुगम्यता जागृती दिन, जगाला आमची आठवण वर्षातून त्या एकाच दिवशी येते. व्हिडिओ काढलाय. फाइलीतून पण काढलाय, तुझ्या फोनवर असेल तर तूही काढ. अकरावी स्लाइड रिकामी आहे आणि मला खरंच भीती वाटतेय गं, कारण तो काढल्यावर माझ्याकडे नियमांचं पुस्तकच उरतं, आणि त्यावर कोणी रडत नाही. 20 सेकंदांचं सांगणार आहे. ते माझ्या चुकीचं आहे, ते सांगायला मला कोणाला विचारायला नको. पण फॉर्म तिचा होता, म्हणजे परत तेच. विचारलं तिला. म्हणाली, "बघू." बुधवारपर्यंत बघणार आहे म्हणे बाईसाहेब.

रिपोर्ट मागे घ्यायचं पत्र पण लिहिलंय. साहेब म्हणतात नियमाप्रमाणे पासच आहे, कशाला उकरतेस. त्यावर वेगळं पत्र होईल.

तुझ्या बदलीचं काय झालं? आईंचं ऑपरेशन नीट झालं ना, मला दुसऱ्यांकडून कळलं, लाज वाटली. नवीन घरात ऊन येतं का?

थोरलीला तुझ्याशी बोलायचंय. माझ्यासमोर नाही, असं स्पष्ट सांगितलंय. रविवारी दुपारी कर फोन, तासभर हाताशी ठेव, आणि मध्ये गप्प राहायला लागेल, तिचं टाइप होईपर्यंत. वाक्य पुरं करून द्यायला जाऊ नकोस. मी देते, आणि बहुतेक वेळा तिला भलतंच म्हणायचं असतं.

तुझीच,
मी