रविवारपर्यंत भंगारवाल्याला थांबव

पुणे, सोमवार रात्र

प्रिय दिल्या,

परवा फोनवर तू सहज म्हणालास, अण्णांच्या स्टुडिओतल्या निगेटिव्ह भंगारवाला न्यायला तयार आहे, त्यातली चांदी काढतात म्हणे. मी नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून डोक्यात जॉर्ज मॉरिसन घोळतोय.

हा आयरिश माणूस. जन्म १९२२ चा, वॉटरफर्डमधल्या ट्रामोरचा. डॉक्टरकी शिकता शिकता सोडली आणि सिनेमाच्या नादी लागला. (आपल्या वर्गातले दोघे आठवले ना?) पण त्याचं नाव झालं ते दुसऱ्यांनी घेतलेल्या चित्रणामुळे. आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याची दृश्यं न्यूजरीलवाल्यांनी टिपली होती, पण ती रिळं देशाबाहेर कुठल्या कुठल्या संग्रहांत पडून होती. ह्यानं ती हुडकली, त्यांच्या नोंदी केल्या. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. पेटली तर विझत नाही, आणि नाही पेटली तरी आपोआप सडते. आधी चिकट होते, शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. पुण्यात २००३ ला अशीच जुनी रिळं जळाली, तुला ठाऊकच आहे.

त्यातून १९५९ साली 'मिशे एरे' हा माहितीपट आला, म्हणजे 'मी आयर्लंड'. निवेदन सगळं आयरिश भाषेत. पैसा 'गेल लिन' ह्या भाषाप्रेमी संस्थेचा. संगीत शॉन ओ रिआडाचं. त्यानं 'रोशीन दुव' ही जुनी लोकधून थेट ऑर्केस्ट्राला दिली. पडद्यावर आवाज नसलेली, ओरखड्यांनी भरलेली माणसं आणि त्यावर तो हॉर्न. कानात इअरफोन घालून ऐक, मोबाइलच्या भोंग्यावर नको. १९१६ च्या उठावानंतरचं पडकं डब्लिन दिसतं तेव्हा मी तरी खुर्चीत सरळ होऊन बसलो. चाळीसेक वर्षांनी लोक थेटरात बसून ते बघत होते. त्यात कुणाला स्वतःचा बाप दिसला असेल का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. पुढचा भाग १९६१ चा, 'सीर्शा?'. स्वातंत्र्य, पुढे प्रश्नचिन्ह! पहिल्याइतका तो चालला नाही. यादवीपर्यंत आणून सोडणारा सिनेमा कोण मिटक्या मारत बघणार?

फोटोग्राफीही होतीच. बायको थिओडोरा फिट्झगिबन पाककृती लिहायची. तिच्या आयरिश स्वयंपाकाच्या पुस्तकात पदार्थांच्या शेजारी जुने फोटो आहेत, ते ह्यानं छपाईसाठी तयार करून दिले. माझ्या बायकोला हे सांगितलं, तर म्हणाली, तुम्ही निदान लसूण सोलून द्या.

तर दिल्या, मी रविवारी गाडी घेऊन येतोय. खोकी माळ्यावरून काढून ठेव, पण प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधू नकोस, आत दमट होतं. काचेच्या प्लेटा आडव्या रचू नकोस, उभ्या ठेव. एखादं खोकं उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर ते बाकीच्यांपासून लांब ठेव. अण्णांची ती नोंदवही सापडली तर आधी ती बाजूला काढ, नावं तिच्यातच असणार.

काकूंना नमस्कार. जेवायला आहे म्हणून सांग.

तुझा,
सुध्या