पट्टी उतरव, गाणं सोडू नकोस

मिरज

चि. सुहास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस की यंदाच्या कार्यक्रमांच्या यादीत तुझं नाव नाही, आयोजकांना ताजा चेहरा हवाय. एवढं बोलून तू लगेच विषय बदललास. गाणंच सोडून द्यायचं तुझ्या मनात चाललंय, हे मला नंतर सूनबाईकडून कळलं. फोनवर मला सलग बोलता येत नाही आणि तू ऐकूनही घेत नाहीस, म्हणून हे पत्र.

आधी एक कर. आयोजकाचा निर्णय आणि तुझा गळा या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेव. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचं काम जातं तेव्हा पुष्कळदा त्याची कला जागच्या जागी असते, भोवतालचा धंदा बदललेला असतो. 1932 साली 'अयोध्येचा राजा' आला, मराठी बोलपट सुरू झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत भल्याभल्या संगीत नाटक मंडळ्या डबघाईला आल्या. बालगंधर्वांचा सूर काय त्या वर्षी बिघडला होता? रात्र रात्र जागून पदांना 'वन्स मोअर' देणारा प्रेक्षक पडद्याकडे वळला, बस.

नानामामाचं तर तू डोळ्यांनी पाहिलंस. तो मुंबईला सिनेमाच्या गाण्यांत व्हायोलिन वाजवायचा त्या काळात एकेका गाण्याला पन्नास-साठ वादक एका दालनात बसायचे. ताडदेवचं फिल्म सेंटर, वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ, सगळीकडे तेच. एकाचा हात चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून वाजवायचं. मामा नोटेशन वाचायला शिकला तो गोव्याच्या ख्रिस्ती वादकांच्या शेजारी बसून. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं तो देवाची नावं घ्यावीत तशी घ्यायचा. नंतर सिंथेसायझर आले, एकेका वाद्याचं वेगळं मुद्रण करायची सोय झाली आणि व्हायोलिनच्या अख्ख्या ताफ्याचं काम एक माणूस कीबोर्डवर करायला लागला. नव्वदच्या दशकात मामाला बोलावणं येईनासं झालं. तो मिरजेला परत आला तेव्हा त्याचा गज पूर्वीइतकाच स्थिर होता, हे मी रोज ऐकत होते. त्याला मात्र ते पटायला फार वेळ लागला. आपल्याला कुणी बोलवत नाही म्हणजे आपल्याला येत नाही, असं त्यानं मनाशी धरलं होतं. तू ते धरू नकोस.

आता दुसरी बाजू. तू माझा मुलगा आहेस म्हणून ती झाकून ठेवणार नाही. वय गळ्याला लागतंच. स्वरतंतूंची लवचीकता कमी होते, छातीचा भाता पूर्वीसारखा फुलत नाही, दोन ओळी एका दमात घ्यायचो तिथे मध्ये श्वास घ्यावा लागतो. बायकांचा आवाज पाळी गेल्यावर खाली येतो. मी तरुणपणी पेटीच्या काळी चार या पट्टीत गायचे, आता तिच्या खालच्या पांढरी चारमध्ये गाते. पट्टी उतरवली तेव्हा तंबोऱ्याच्या जुन्या तारा सैल पडून जवारी, म्हणजे तारेचा तो घुमारा, बोलेना. मग आपल्या सतारमेकरांकडून जाड तारा चढवून घेतल्या, जवारी नव्याने काढून घेतली. तंबोरा पुन्हा भरून बोलायला लागला, आणि खर्जात मला असे स्वर सापडले जे तरुणपणी माझ्याकडे नव्हतेच.

केसरबाई केरकरांनी 1963-64 च्या सुमारास जाहीर मैफली थांबवल्या. सूर आपल्या मनासारखा लागत नाही असं वाटायला लागल्यावर लोकांसमोर बसायचं नाही, हा त्यांचा बाणा. मला त्याबद्दल अपार आदर आहे. पण गंगूबाई हनगलांचं बघ. घशावरच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज जाड, जवळजवळ पुरुषी झाला. सुरुवातीच्या रेकॉर्डमधला बारीक आवाज ऐकला तर ही तीच बाई यावर विश्वास बसत नाही. त्यांनी त्या जाड आवाजाचंच गाणं घडवलं आणि नव्वदी ओलांडल्यावरही त्या गायल्या. थांबण्यात कमीपणा नाही. पण केसरबाई थांबल्या त्या स्वतःच्या कानाचा कौल घेऊन. तू कुणाच्या कौलावर थांबायला निघाला आहेस?

आणि आपल्या सांगलीत जन्मलेल्या आशाताई. 'उमराव जान'ची गाणी झाली तेव्हा त्या बरोबर तुझ्या वयाच्या होत्या, सत्तेचाळिशीच्या आसपास. खय्यामसाहेबांनी त्यांना नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली गायला लावलं. इतकी वर्षं ज्या चढ्या, खेळकर आवाजावर नाव मिळवलं तो बाजूला ठेवायचा, हे कुठल्याही गायिकेला सोपं नाही. त्यांनी तो ठेवला, आणि त्यांचं पहिलं राष्ट्रीय पारितोषिक त्यातल्याच एका गाण्यावर आलं. मग साठी उलटल्यावर 1995 साली 'रंगीला'. तिथला संगीतकार, रहमान, त्यांच्याहून तीसेक वर्षांनी लहान. त्याची पद्धत वेगळी, यंत्रं वेगळी. त्या गेल्या आणि त्याच्या पद्धतीनं गायल्या.

तू नेमकं याच्या उलट करतो आहेस. दिवाळीतला तुझा कार्यक्रम मी समोर बसून ऐकला. वादक परवडत नाहीत म्हणून कराओके ट्रॅक, आणि ट्रॅक मूळ पट्टीत आहे म्हणून तूही मूळ पट्टीत. वरच्या षड्जाला तुझ्या मानेच्या शिरा ताणलेल्या मला चौथ्या रांगेतून दिसत होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण ते गाणं त्यांना आनंद देत नव्हतं, तू पोचतोस की नाही याची धाकधूक देत होतं. तोच ट्रॅक संगणकावर एक-दीड सुरानं खाली आणता येतो, हे मी तुला सांगायला नको. "लोकांना ओरिजिनल लागतं" म्हणतोस. लोकांच्या हातात कुठली कळ आहे की ते पट्टी मोजतील? त्यांना कळतं ते गाणाऱ्याचं अवघडलेपण.

एका गोष्टीत मात्र माझं ऐकच. आपला जुना रेकॉर्ड केलेला आवाज मागे लावून नुसते ओठ हलवायचे, हा जो प्रकार सध्या चाललाय, तो करू नकोस. थकलेल्या गळ्याचं खरं गाणं मी पैसे देऊन ऐकेन.

वय घेतं तसं देतंही. मल्लिकार्जुन मन्सूर 1910 चे, पण साऱ्या देशानं त्यांना ओळखलं ते साठीनंतर. तोवर धारवाडचा हा माणूस मंजीखाँ-भुर्जीखाँ या गुरूंकडून मिळालेलं धन रोज घोटत होता. मी त्यांना ऐकलं तेव्हा ते सत्तरीत होते, अंगानं काडी. राग गळ्यात इतका मुरलेला की ताकद लावायची गरजच उरली नव्हती. तू शास्त्रीय गात नाहीस, ठीक आहे. पण गझल, भावगीत, अभंग यांतला शब्द कसा ठेवायचा, कुठे सोडायचा, हे आज तुला जितकं कळतं तितकं पंचविशीत कळत नव्हतं. तेव्हा तू हरकतीची प्रत्येक जागा दाखवून द्यायचास. आता दोन जागा गाळतोस आणि तिथेच माझे डोळे भरून येतात.

म्हणून यादी बदल. मोठ्या मैदानातली नाच-गाण्यांची रात्र ज्यांची आहे त्यांना ती घेऊ दे. त्या नव्या मुलांचा राग करू नकोस, त्यांचंही नाव दोन मोसम टिकतं आणि गाण्याच्या पुढच्या स्पर्धेचा विजेता आला की फोन थांबतो. त्यांच्यातल्या एखाद्याला आपल्याबरोबर घे. दोनशे माणसांचं सभागृह, खरा तबला, खरी पेटी, आणि तुझ्या आजच्या गळ्याला शोभतील अशी पंधरा गाणी. पैसे कमी मिळतील. त्याची भर शिकवण्यातून पडेल, मामाची पडली होती.

आणि तुझ्या ढोलकीवाल्या काकांचा कागद तेवढा पुढे सरकव. पन्नाशीपुढच्या कलावंतांना सरकारचं महिना 5000 रुपये मानधन मिळतं, त्यांचा अर्ज अजून भरलेला नाही. कार्यक्रमांच्या जुन्या पत्रिका आणि कात्रणं पुरावा म्हणून लागतात, त्या तुझ्याच कपाटात आहेत. त्यांना सही-शिक्क्याची धावपळ झेपत नाही, तू बरोबर जा.

पुढच्या शनिवारी ये. पंधरा गाण्यांची यादी घेऊन ये, प्रत्येकाची पट्टी आपण पेटीवर ठरवू. मी तंबोऱ्याला बसेन.

तुझी,
आई