हार्ड डिस्क माझ्या हातात ठेवणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

त्या दिवशी तुमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या टेबलाभोवती गिऱ्हाइकांची गर्दी होती. मी नुसतं ‘थँक्यू हां’ म्हटलं, कॅबिनेट रिक्षात घातलं आणि निघाले. तेवढ्यानं माझं मन भरलं नाही, म्हणून आता सगळ्यांदेखत लिहिते.

गणपती उठले की आम्हा डीटीपीवाल्यांची झोप उडते. दिवाळी अंकाची पानं अर्धवट लागलेली, आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर रुसला. विंडोजचं चिन्ह यायचं, निळा पडदा क्षणभर चमकायचा, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. तुमच्याआधी ज्या चकचकीत दुकानात गेले, तिथल्या मुलानं झाकणसुद्धा उघडलं नाही. ‘विंडोज उडालंय मॅडम, फॉरमॅट मारावं लागेल.’ म्हणजे अख्खी डिस्क पुसायची. आणि त्याच दमात, ‘एवढं जुनं वापरता कशाला? नवीन घ्या, हप्त्यावर देतो.’

एवढं जुनं का वापरते, हे त्याला ऐकायचंच नव्हतं. माझं निम्मं काम पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ज्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आली. फॉन्टही युनिकोडच्या आधीचे, म्हणजे सगळ्या मशीनवर मराठी सारखीच दिसायची सोय येण्यापूर्वीचे. चालू अंकाच्या फाइली पेनड्राइव्हवर होत्या हो, पण तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या की ‘संपादकीय’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि भलतीसलती चिन्हं. शिवाय त्याच डिस्कवर एका मास्तरांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. मास्तर आता नाहीत.

हे मी तुम्हाला सांगत सुटले आणि तुम्ही ऐकून घेतलंत. मग काही न बोलता चार स्क्रू काढलेत, हार्ड डिस्क बाहेर काढलीत, त्या चंदेरी पिशवीत घातलीत आणि माझ्या हातात दिलीत. ‘ताई, ही तुमच्याजवळ ठेवा. बाकीचं सगळं बाजारात मिळतं.’

दादा, तुमच्यासाठी ही रोजची रीत असेल. मी मात्र ती पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसले आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा मला धड श्वास घेता आला. मशीन दुरुस्त होईल की नाही, हे अजून तुम्हालाही ठाऊक नव्हतं. पण गेलं तर काय जाईल आणि काय जाणार नाही, ते तुम्ही आधी ठरवून टाकलंत. दुरुस्तीला टाकलेल्या वस्तूत कुणाचं तरी काहीतरी असतं, हे ओळखणारी माणसं अजून आहेत. डॉक्टर, शिंपी, गवंडी, ज्याच्या त्याच्या धंद्यात असा एखादा असतोच, आणि तो बहुतेक वेळा छोट्या गाळ्यातच सापडतो.

दुखणं निघालं नाण्याएवढं! मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला होता. ‘तारीख बघा, पार २००९ दाखवतंय,’ म्हणत तुम्ही स्क्रीन माझ्याकडे वळवलात. सेल गेल्यामुळे मशीन आपली सेटिंग विसरलं, हार्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीनं बोलायचं तेही विसरलं, म्हणून विंडोजला आपलीच डिस्क सापडत नव्हती. विंडोज बिचारं धडधाकट होतं. सेल बदललात, ती एक सेटिंग जागेवर आणलीत, डिस्क माझ्याकडून मागून घेतलीत (‘द्या आता’ म्हणालात, तेही हसून) आणि माझा ओळखीचा डेस्कटॉप समोर आला. फॉरमॅट मारलं असतं तर त्या पोराला आपण काय पुसलं याचा पत्ताही लागला नसता.

आणि तुम्ही पैसे घेतलेत ते सेलचे! मजुरीसाठी मलाच तुमच्याशी भांडावं लागलं.

पानं परवा छापखान्यात गेली. अंक हातात आला की पहिली प्रत तुमच्याकडे घेऊन येते. कथा-कविता वाचायला तुम्हाला सवड मिळणार नाही, ठाऊक आहे. निदान शब्दकोडं वहिनींना द्या. आणि सोबत चकली आणेन, तिचे पैसे विचारू नका.

तुमची,
जुन्या कॉम्प्युटरवाली ताई