सुरूरजवळ भेटलेल्या त्या दोन टेम्पोवाल्या दादांना

रविवारी रात्री सुरूर फाट्याजवळ चहाला थांबलो, परत येतो तर गाडी उघडेचना, रिमोट ढिम्म, आणि आईच्या गोळ्या गाडीत अडकलेल्या. शेजारच्या टेम्पोतले दोघं दादा स्वतःहून आले, रिमोटच्या पोटातली छोटी चावी काढून दार उघडलं, मग रिमोटच स्टार्ट बटणाला टेकवून ब्रेक दाबायला लावला आणि गाडी लगेच चालू! सेल संपला तरी आतली चिप बटणाच्या अगदी जवळ धरली की गाडी ओळखते, चार वर्षांत मला कुणी हे सांगितलं नव्हतं. मोबाईलच्या उजेडात नखाने झाकण उघडून सेलवरचा सीआर २०३२ नंबरही दाखवला. पैसे घेतले नाहीत, गडबडीत नावं विचारायची राहिली. दादांनो, आई रोज तुमची आठवण काढते, मनापासून आभार.