दोऱ्याचा रंग अ‍ॅपवर शोधा, ठरवा मात्र उजेडात

महोदय,

भरतकामाचे दोरे निवडायला हल्ली मोबाइलवरची अ‍ॅप सर्रास वापरली जातात. फोटो टाकला की जवळच्या दोऱ्याचा क्रमांक मिळतो. डीएमसी या कंपनीच्या सहापदरी सुती दोऱ्यातच 500 छटा आहेत, त्यामुळे ही सोय मोठीच आहे. पण तेवढ्यावर विसंबून सगळ्या लड्या एकदम आणल्या की फसगत होते.

पहिली चूक फोटोतच होते. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत मोतिया आणि पांढरा यांतला फरक कळत नाही. सकाळी खिडकीजवळ, थेट ऊन टाळून, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून फोटो काढावा. फोटोत कागदच पिवळट दिसला तर तो फोटो बाद. स्क्रीनचा रात्रीचा पिवळा मोडही बंद हवा.

दुसरे म्हणजे पडद्यावरचा रंग सपाट असतो, दोऱ्याला चमक असते. पानाचा एक अर्धा भाग डावीकडे आणि दुसरा उजवीकडे तिरका भरला, तर एकाच लडीच्या दोन छटा दिसतात. तिथे अ‍ॅपने सुचवलेली जास्तीची गडद छटा घातली की पान मधोमध चिरल्यासारखे दिसते. गडद कापडावर एकपदरी फिकट दोरा घेतला तर खालचे कापड डोकावते आणि रंग मळकट होतो. म्हणून त्याच कापडावर, तितक्याच पदरांनी, इंचभर नमुना भरून पाहावा. त्याला पर्याय नाही.

डीएमसीचा क्रमांक अँकर या दुसऱ्या कंपनीच्या क्रमांकात बदलून देणारे तक्तेही जपून वापरावेत. काळ्याचे सोपे आहे: डीएमसी 310 म्हणजे अँकर 403. पण इतरत्र दोन वेगळ्या छटांसमोर अनेकदा एकच क्रमांक असतो, आणि नमुन्यातली सावली नाहीशी होते.

फोटोवरून फुलीच्या टाक्याचा आलेख करताना रंग 15-20 वर आणावेत आणि डिदरिंग (दोन रंगांचे ठिपके मिसळून मधली छटा भासवण्याची सोय) बंद ठेवावे. नाहीतर एकेकटे टाके सगळीकडे विखुरतात, आणि मागच्या बाजूला दोऱ्यांचे जाळे होते.

मोबाइलचा सगळ्यांत चांगला उपयोग मात्र फारसा कोणी करत नाही. निवडलेल्या लड्या कापडावर शेजारी शेजारी ठेवून फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. लाल कापडावरचा हिरवा मोर डोळ्यांना उठून दिसतो, पण दोन्ही रंग सारखेच करडे झाले तर लांबून तो कापडात विरणार हे नक्की. मग हिरवा एक-दोन छटा फिकट घ्यावा.

आपल्या पुरवणीत भरतकामाचे नमुने छापताना नुसते ‘फिकट गुलाबी’ न लिहिता कंपनी, क्रमांक आणि पदरांची संख्या द्यावी, ही विनंती. वर्तमानपत्राच्या कागदावर उमटलेला रंग पाहून दोरा घेता येत नाही.

– भरतकाम शिक्षिका, सांगली