सुंभ ढकलता येत नाही

ब्रिस्टॉल,
रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तिकिटं हातात आली हे ऐकून बरं वाटलं. बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "विमान प्लास्टिकाचा असता म्हणतत, खरा काय गो?" आणि मी घाईत "काही होत नाही" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय. नऊ वर्षं मी ज्या कामात आहे त्याबद्दल तुम्ही आपणहून विचारलंत आणि मला दोन मिनिटांची सवड नव्हती. म्हणून आज बसून लिहिते. आई, त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

बाबा, ऐकलंत ते खरं आहे. तुमचं विमान एअरबस ए३५०. त्याच्या सांगाड्याच्या वजनातला ५३ टक्के भाग कंपोझिटचा, म्हणजे तंतू आणि त्यांना चिकटवून धरणारा पदार्थ मिळून केलेल्या जिनसाचा. पंख कार्बनच्या तंतूंचे, आणि ते तंतू धरून ठेवणारं रेझिन म्हणजे एका जातीचं प्लास्टिकच. पण प्लास्टिक म्हटल्यावर बादली डोळ्यांपुढे आणू नका. सुंभ आणा.

खाडीत कुजवलेली नारळाची सोडणं बडवून तुम्ही तिन्हीसांजेला पडवीत सुंभ वळत बसायचात. मी शेजारी बसून काथ्याचे तंतू वितीने मोजायची. वीतभराहून लांब क्वचितच एखादा निघायचा. आणि त्यांचाच वीस हात सुंभ विहिरीतून भरलेली कळशी वर आणायचा. मला तेव्हापासून कोडं होतं: तंतू मध्येच संपतो, मग कळशी पडत कशी नाही? तंतूच्या टोकाशी भार जवळजवळ नसतोच. शेजारचे तंतू त्याला अंगभर घट्ट धरून असतात, त्या पकडीतून भार हळूहळू त्याच्यावर येतो. तंतू फारच आखूड असला, तर तुटण्याआधी निसटतो. हा हिशोब कॉक्स नावाच्या इंग्रज संशोधकाने १९५२ साली समीकरणात बसवला, तोही कागदाच्या ताकदीचा विचार करताना. सुंभात पकड पिळाची, आमच्याकडे रेझिनची. आमचा तंतू केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा बारीक. एखादा मध्येच तुटला तरी रेझिन त्याचा भार शेजाऱ्यांवर टाकतं, आणि थोडं पुढे गेल्यावर तोच तंतू पुन्हा आपला वाटा उचलायला लागतो.

पण सुंभ ओढायचा असतो, ढकलता येत नाही. माझं सगळं काम इथे सुरू होतं.

उडताना हवा पंखाला खालून उचलते आणि पंख वर वाकतो. त्याची खालची कातडी ताणली जाते, वरची दाबली जाते. म्हणजे वरचे तंतू ढकलले जातात. तरी ते टिकतात, कारण रेझिनने त्यांना सरळ धरलेलं असतं. मात्र ओढताना जेवढा भार पेलतात, त्याच्या साधारण ६० टक्केच दाबताना पेलतात. तंतू आणि रेझिनचे थर लावून केलेली पट्टी आम्ही यंत्रात धरून मोडून बघतो. ती ओढली की आधी तडतड ऐकू येते. दाबताना तसली काही सूचना नाही, एकदम ठाप्पकन आवाज आणि संपलं. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की एका अरुंद पट्ट्यात सगळे तंतू एकाच बाजूला मोडून पडलेले दिसतात, वाऱ्याने भात आडवं व्हावं तसे.

तंतू किती सरळ आहेत, त्यावर हे ठरतं. एक-दोन अंशांनी तिरके असले तरी ताकद बरीच घटते. तो कल बघायला तुकडा मुद्दाम तिरका कापून तासन्‌तास पॉलिश करते. आई, काकडी तिरकी कापली की चकती लांबट येते ना, तसा प्रत्येक तंतू लांबट दिसतो. किती लांबट, यावरून त्याचा कल निघतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पट्ट्या सारख्या कमी भाराला मोडत होत्या. मी यंत्राला दोष देत राहिले. शेवटी एकीचा काप घेतला तेव्हा आत सुरकुती दिसली. थर हाताने लावताना माझ्याच तळव्याखाली पडलेली, वरून बोट फिरवलं तरी लागत नव्हती. पाच महिने गेले. तुम्हाला सांगितलं नाही, त्या दिवसांत मी खूप रडले. आता अशाच सुरकुत्या मुद्दाम पाडते आणि कितीला किती ताकद जाते ते मोजते. माझं सगळ्यात चांगलं काम त्यातूनच झालं.

म्हणून तुम्हाला 'काही होत नाही' एवढंच सांगून मला भागवायचं नाही. थरांवर हत्यार पडलं तर वरून ओरखडाही न दिसता आत थर सुटू शकतात, ही भीती खरी आहे. म्हणूनच ध्वनिलहरींनी तपासणी होते, आणि अजूनही नाण्याने ठोकून बघतात. तुम्ही फणस थापटून तयार झाला का ओळखता, तसंच: सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. आणि या विमानाचा पंख २०१३ साली, सेवेत कधी येईल त्या सगळ्यात मोठ्या भाराच्या दीडपट ओढून बघितलाय. टोक पाच मीटरहून जास्त वर वाकलं, पंख मोडला नाही. तुम्हा दोघांना मी त्यात बसवतेय ते हे सगळं माहीत असून.

बाबा, तुमची जागा पंखाच्या थोडी मागे, खिडकीशी घेतली आहे. सुटताना टोकाकडे लक्ष ठेवा. ते वर जाईल, आणि जायलाच हवं.

येताना हातभर सुंभ आणा, तुम्ही वळलेला. काथ्याचा तंतू आतून पोकळ असतो, ते मला तुम्हाला माझ्या टेबलावर दाखवायचंय. आई, गुडघ्याच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको. कुळथाचं पीठ मिळालं तर आण.

तुमची,
लेक