निशाणावरचं जायफळ

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. इथलं काम मी आणखी दोन वर्षं वाढवून घेतलंय. सही सोमवारीच केली. आई, लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस. बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणाल, ते जास्त लागेल मला. पण घराचे हप्ते फिटतील, आणि डिसेंबरात चांगली महिनाभर येतेय.

७ फेब्रुवारीला ग्रेनडाचा, म्हणजे आमच्या या कॅरिबियन बेटांच्या देशाचा, स्वातंत्र्यदिन झाला. रस्त्याच्या कडेचे दगडसुद्धा लाल-पिवळे-हिरवे रंगवतात इथे. १९७४ साली इंग्रज गेले तेव्हापासूनचं हे निशाण. आई, तुला आवडेल, त्याला चक्क लाल काठ आहे! काठावर वर तीन, खाली तीन तारे, मधल्या लाल गोलात सातवा. इथले सहा परगणे, आणि सातवा कारियाकू बेटाचा नि त्याच्या शेजारच्या छोट्या बेटाचा. पिवळा सूर्याचा, हिरवा शेताचा, लाल धैर्याचा. (माझ्याकडे सध्या तोच कमी आहे.)

आणि डावीकडच्या हिरव्या त्रिकोणात जायफळ! पिवळं फळ उकललेलं, आत लालभडक. झाडावर अगदी तसंच दिसतं. तो लाल म्हणजे आपली जायपत्री. स्वातंत्र्याआधीच्या निळ्या-पिवळ्या-हिरव्या निशाणावरही तेच होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला सहाणेचा आवाज आला, आणि तुझ्या मांडीवरची ती कडवट गुटी आठवली.

बाबा, वादळाचं तुम्ही विचारणारच. २००४च्या आयव्हनने जायफळाच्या बागा झोपवल्या, खरंय. २०२४चं बेरिल मुख्यतः कारियाकूवर आलं, मी मोठ्या बेटावर आहे. घर पक्कं आहे, पाण्याची टाकी आहे, डाळ-तांदूळ मिळतात, शेजारीण रविवारी मासे देते. झाड नव्याने लावलं की फळाला सात-आठ वर्षं लागतात म्हणे. माझी तर दोनच आहेत.

आता ऐका. बीपीची गोळी सकाळीच, चहाआधी. बाबांनी गच्चीवर एकट्याने जायचं नाही. आई, गुडघ्याची तारीख परस्पर पुढे ढकललीस तर मला कळतं, शेजारच्या काकू सांगतात.

येताना कवचासकट जायफळं आणते. बाबांना झोप लागत नसली तर दुधात उगाळ. दोनच वेढे हं आई, तुझा हात सढळ आहे.

तुमची,
चिमी